घाऊक मासळी मागवताना

हल्ली घाऊक मासळीवाल्याची यादी पहाटेच फोनवर येऊन पडते. पापलेट, सुरमई, हलवा, रावस, कोळंबी. समोर किलोचा भाव आणि खाली 'घरपोच मिळेल'. खानावळवाले आणि छोटे केटरर अशा यादीवरून मागणी नोंदवतातच, पण आता सोसायटीतली पाच-सहा घरं मिळूनही एकदम पाटीभर मासळी मागवू लागली आहेत. भावात फरक पडतो, भल्या पहाटे बाजारात धक्के खावे लागत नाहीत. अडचण इतकीच, की किरकोळ बाजारात कोळीण समोर असते, मासा हातात घेता येतो, कल्ला उघडून बघता येतो. घाऊक व्यवहारात यातलं बरंचसं समोरच्याच्या शब्दावर सोडावं लागतं. म्हणून मासळी कधी, कुठून आणि कोणत्या बोटीतून येते याची जुजबी माहिती तरी घेणाऱ्याकडे हवी. विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की पुरवठादारही माल काढताना जरा जपून असतो, निदान कालचा माल आपल्या माथी मारत नाही.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे : यादीतलं नाव बघून मागणी करू नका, महिना बघून करा. पापलेट-सुरमईवर आपला असा काही जीव जडलाय, की ऐन मे महिन्यात माणसं शीतगृहातून निघालेल्या पापलेटला सोन्याचा भाव देतात आणि त्याच सकाळी उतरलेल्या ताज्या मांदेलीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ज्या यादीत बाराही महिने तीच पाच नावं असतात, त्या यादीतला निम्मा माल गोठवलेला असतो असं समजून चाला. गोठवलेला माल वाईटच असतो असं नाही, त्याबद्दल पुढे बोलूच. पण ताज्याचा भाव देऊन तो घेऊ नये.

कोणत्या महिन्यात काय

आपल्या किनाऱ्याचं मासळीचं वर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांचा विणीचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला असतो. बंदी उठली की ट्रॉलर बाहेर पडतात आणि पहिले काही आठवडे बाजारात कोळंबीच कोळंबी दिसते. जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. आता तेवढा धीर सगळ्यांना राहिलेला नाही. बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी पालघरकडच्या मच्छीमारांकडूनच वारंवार होत आली आहे, कारण तो पंधरवडा मिळाला तर पापलेटची पिल्लं थोडी तरी वाढतील. ऑगस्टचा पहिला पंधरवडा बहुधा श्रावणातच जातो. अर्धं गिऱ्हाईक शाकाहारी झालेलं, वरून आवक जोरात, त्यामुळे श्रावण न पाळणाऱ्यांसाठी कोळंबी भरून ठेवायचा हा उत्तम काळ.

सप्टेंबरपासून मासळीला खरी रया येते. पापलेट ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये खावं, त्यातही सातपाटी, डहाणू, अर्नाळा या उत्तरेकडच्या बंदरांतलं. ओले बोंबील गणपतीनंतर थंडीपर्यंत. बांगडा आणि तारली ऑक्टोबर ते फेब्रुवारी. या दिवसांत त्यांच्या अंगात तेल असतं आणि तव्यावर टाकल्यावर वेगळं तेल फारसं लागत नाही. सुरमईही याच काळात भरपूर. रत्नागिरीचं मिरकरवाडा, देवगड, मालवण इथून येणारी सुरमई आणि बांगडा मी मुंबईच्या मालाहून वरचा मानतो. मुंबईकरांनी वाटल्यास भांडावं.

थंडीत रावस, घोळ, दाढा, करली, माकूल. किनाऱ्यालगतच्या खडकांवरची कालवं आणि खाडीतल्या तिसऱ्याही हिवाळा ते उन्हाळा चांगल्या मिळतात. घाऊकवाले तिसऱ्यांच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. नफा कमी आणि मरतूक जास्त. त्या आपल्या खाडीकाठच्या बाईकडूनच घ्याव्यात.

मार्चनंतर बोटींना लांब जावं लागतं, डिझेल जास्त जळतं, उन्हामुळे बर्फही जास्त लागतो आणि हे सगळं भावात येतं. या महिन्यांत पापलेटच्या नादी लागण्यापेक्षा मांदेली, राणीमासा, ढोमी, वाकटी, सौंदाळे, लेपा यांच्याकडे वळावं. खानावळवाल्यांनी तर नक्कीच. राणीमाशाचं कालवण आणि मांदेलीचं तळण ताटात असेल तर कुणीही गिऱ्हाईक सुरमई नाही म्हणून उठून जात नाही. मे महिन्यात आगोटीची खरेदी करायची : सोडे, सुकट, जवळा, सुके बोंबील. सुक्या मासळीला उन्हाचा वास आणि मिठाची चव असावी. हाताला ओलसर लागली किंवा खाली तांबूस भुकटी पडली तर घेऊ नये.

मग जून आणि जुलै. ऐन आषाढ अमावास्येला, म्हणजे ज्या दिवसाला सगळे गटारी म्हणतात, पापलेटला सगळ्यात जास्त मागणी असते आणि ती जुलैत आली तर आपल्या समुद्रात त्या दिवशी यांत्रिक बोट उतरलेली नसते. मग माल येतो कुठून? पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. म्हणजे जूनच्या मध्यानंतर आंध्र, तमिळनाडू, ओडिशाकडून समुद्राची मासळी येऊ लागते. ती ट्रकने बर्फात दोन-तीन दिवस प्रवास करून येते. काही शीतगृहातून निघते. उरलेली खाडीची आणि तळ्याची. पावसाळ्यात समुद्राचं नाव काढण्यापेक्षा खाडीच्या चिंबोऱ्या, निवट्या, काळुंदर, बोय, तसंच रायगडच्या खारेपाटात तळ्यांत वाढवलेला जिताडा खावा. पेण-अलिबागकडे जिताड्याचा मान पापलेटहून मोठा आहे आणि तो रास्तच आहे. देशावरच्या मंडळींना उजनीचे मासे आहेत. भिगवणच्या बाजारात रहू, कटला, चिलापी, मरळ ताजे उतरतात. पुण्यात बसून जुलैत समुद्राचा हलवा शोधण्यापेक्षा जिवंत मरळ घेणं शहाणपणाचं.

'कुठला आहे' याच्या पुढचा प्रश्न

पुरवठादाराला सगळे विचारतात, मासा कुठला? उत्तर ठरलेलं असतं, 'ससून डॉक' नाहीतर 'भाऊचा धक्का'. ते खोटंही नसतं. पण बंदराच्या नावावरून ताजेपणा कळत नाही. विचारायचं ते हे : बोट कसली आणि किती दिवसांची?

ट्रॉलर एकदा बाहेर पडला की दहा-बारा दिवस समुद्रात राहतो. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा खणात बर्फाच्या तळाशी जातो, शेवटच्या दिवशीचा वर राहतो. बोट धक्क्याला लागते तेव्हा दोन्ही एकाच दिवशी उतरतात आणि 'आज उतरलेला माल' म्हणूनच लिलावात येतात. दोघांच्या वयात आठवड्याहून जास्त अंतर असू शकतं. बर्फ नीट असेल तर तळाचा मासाही खाण्याजोगा असतो, पण चव आणि टिकाऊपणा एक नसतो. म्हणून अनुभवी खरेदीदार कोणत्या बोटीचा खण कुठवर रिकामा झालाय यावर डोळा ठेवून बोली लावतात. डोल जाळ्याच्या होड्या मात्र त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी परततात. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा बहुतेक डोलीचे. किनाऱ्यावरून ओढलेली रापणीची मासळी तर तासाभरापूर्वी पाण्यात असते. मालवणकडे कुणी ओळखीचं असेल तर रापणीचे पेडवे-बांगडे सांगून ठेवावेत. हर्णैला संध्याकाळी वाळूवर लिलाव लागतो. तिथला माल रात्रीतून पुण्या-मुंबईला पोचतो, म्हणजे सकाळी 'हर्णैचा' म्हणून आलेला मासा आदल्या संध्याकाळचा. ते चांगलंच आहे, फक्त माहीत असावं.

'डोलीचे आहेत की ट्रॉलरचे?' एवढा एक प्रश्न फोनवर विचारून बघा. उत्तर लगेच आलं तर माणूस स्वतः धक्क्यावर उभा राहून माल घेतो. 'बघून सांगतो' आलं तर मध्ये आणखी एक-दोन हात आहेत.

तिथी बघा

पंचांगाचा मासळीशी संबंध फक्त उपासापुरता नाही. डोल म्हणजे तोंड उघडं असलेलं पिशवीसारखं लांब जाळं. ते समुद्रात रोवून किंवा नांगरून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासे आत ढकलतो. म्हणजे जाळं भरणं न भरणं प्रवाहाच्या जोरावर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त, जाळी हलकी. तांडेल हिशेब करतो तो या तिथ्यांचा. त्यामुळे ओले बोंबील, मांदेली, करंदी यांची मोठी मागणी उधाणाच्या चार-पाच दिवसांत नोंदवावी. माल ताजा मिळतो आणि भावही उतरलेला असतो. भांगात त्याच मालासाठी हट्ट धरला तर पुरवठादार कुठून तरी भरून देतो, पण तो बर्फातला असतो.

बांगडा-तारलीचं गणित उलट. त्यांचे थवे अंधाऱ्या रात्री जास्त सापडतात. लख्ख चांदण्यात जाळं त्यांना दिसतं, म्हणून पौर्णिमेच्या आसपास आवक कमी.

वाराचंही बघावं. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आपल्याकडचे खाण्याचे वार, त्यातल्या रविवारी भाव सगळ्यात चढा. सोमवार, गुरुवार, शनिवारी आणि संकष्टीला निम्म्या घरांत मासळी शिजत नाही. पण समुद्र काही वार पाळत नाही, बोटी रोज लागतात. ज्यांना वाराचं बंधन नाही त्यांनी गुरुवारी सकाळी माल घ्यावा. नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार यांतही घासाघीस करायला वाव असतो. मंगळवारी संध्याकाळी मात्र घाऊक माल घेऊ नये. दोन दिवसांचा उरलेला माल बुधवारच्या गिऱ्हाइकासाठी बर्फात झाकून ठेवलेला असण्याची शक्यता तेव्हाच जास्त. नाताळ ते 31 डिसेंबर या आठवड्यात पापलेट आणि मोठी कोळंबी हॉटेलं उचलतात. त्या दिवसांत घरच्यांसाठी बांगडा बरा.

माल आल्यावर

खोका दारात आला की घरात घेण्याआधी झाकण उघडा. पोरगा 'पुढची डिलिव्हरी आहे' म्हणून घाई करेल, करू द्या. आधी बर्फ बघायचा. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो. थर असा हवा की खाली बर्फ, मग मासा, पुन्हा बर्फ. खोक्याच्या तळाला लालसर पाणी साचून मासे त्यात पोहत असतील तर ताजा मासासुद्धा चव गमावतो. ते पाणी वजनातही येतं. म्हणून मासा निथळून, बर्फ झटकून तागडीत टाकायचा. वजनाचा वाद पहिल्याच दिवशी करावा. चौथ्या महिन्यात करायला गेलं की वाईट वाटतं आणि उपयोगही होत नाही.

आता मासा. पापलेट हातात घ्या, कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबा. पांढरट दुधासारखा द्रव आला तर ताजा, पाणी किंवा तांबूस रस आला तर उतरलेला. अंगावरची चंदेरी पूड बोटाला लागली पाहिजे. फार घासलेला, गुळगुळीत पांढरा दिसणारा पापलेट बर्फात बरेच दिवस लोळलेला असतो. पोट फुगलेलं नसावं, कडेच्या पाखाजवळ पिवळट रेघ नसावी. बांगडा शेपटीकडून आडवा धरला तर पट्टीसारखा ताठ राहिला पाहिजे, पोट दाबलं तर बोटाचा खळगा भरून यायला हवा. डोळा बाहेर आलेला आणि काळाभोर. आत गेलेला, दुधाळ डोळा म्हणजे मासा जुना. फक्त डोळ्यावर जाऊ नका, बर्फ थेट डोळ्याला लागून राहिला तरी तो धुरकट होतो. कल्ले उघडून लाल आहेत का बघा आणि बोट फिरवून वास घ्या. रंग फसवू शकतो, वास फसवत नाही. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, 'माशाचा' वास नंतर सुरू होतो.

बोंबील असेल तर जबड्याच्या आतली गुलाबी झाक आणि अंगाची काचेसारखी चमक बघा. पिवळसर झालेले, एकमेकांना चिकटलेले बोंबील परत करा. त्यांच्या अंगात पाणीच फार असतं, म्हणून ते ना बर्फात टिकतात ना फ्रीजरमध्ये. त्याच दिवशी साफ करून, फडक्यात गुंडाळून, पाटा नाहीतर वरवंटा ठेवून पाणी काढायचं आणि त्याच दिवशी खायचे. सुरमई कापूनच मागवत असाल तर मधल्या काट्याजवळ मांस सुटलेलं नाही ना एवढं बघा. शक्यतो अख्खी मागवून समोर कापून घ्यावी. डोक्याचं कालवण हा फायदा वेगळाच.

कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. डोक्याखाली काळपट छटा आली म्हणजे लगेच सडली असं नाही, ती हवेने येते, पण बर्फात हयगय झाल्याची खूण आहे. घाऊकवाले कोळंबी 'कौंट'वर विकतात. 30/40 म्हणजे किलोत 30 ते 40 नग. हा आकडा डोक्यासकट आहे की सोललेल्या मालाचा, हे आधी ठरवा. डोकं आणि साल काढल्यावर हातात वजनाच्या निम्म्याच्या आसपास मांस राहतं, बारीक कोळंबीत त्याहूनही कमी. पन्नास माणसांच्या जेवणाचा हिशेब इथेच चुकतो. शिवाय 'मोठी कोळंबी' म्हणून येणारी बरीचशी आता आंध्रच्या तळ्यांतली वनामी असते. चवीला गोडसर, आकाराला एकसारखी, बाराही महिने मिळणारी. बिर्याणीला ती उत्तम. कोळंबीची आमटी करायची असेल तर समुद्राचीच सोलट किंवा कापशी मागावी.

चिंबोऱ्या जिवंतच घ्यायच्या, मेलेली चिंबोरी कितीही ताजी म्हणून सांगितली तरी घ्यायची नाही. आकारापेक्षा हाताला जड लागते का ते बघा. पोटावरची झडप गोल रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. लाल गाभोळी हवी असणारे मादी शोधतात, नांगीतलं मांस आवडणारे नर.

माल घेतला की तासाभरात साफ झाला पाहिजे. हे विशेषतः बांगडा, तारली, कुपा आणि सुरमईसाठी सांगतोय. हे मासे उबेत राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. त्याने तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी येणं असा त्रास होतो आणि लोक म्हणतात 'मासा बाधला'. हिस्टामिन एकदा तयार झालं की तळून, उकळून किंवा गोठवूनही जात नाही. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो, माशाला शून्याची थंडी लागते. म्हणून फ्रीजमध्येही मासा बर्फाच्या चुऱ्यावर ठेवावा, खाली जाळी ठेवून पाणी वेगळं पडू द्यावं. लगेच वापरायचा नसेल तर साफ करून, एकेका वेळेचा वाटा करून, पिशवीतली हवा काढून गोठवावा. बांगड्यासारखे तेलकट मासे दोन-अडीच महिन्यांत संपवा, नाहीतर तेल खवट होतं. पांढऱ्या मांसाचे मासे त्याहून टिकतात.

गोठवलेला माल, आणि नावांची अदलाबदल

बोटीवर किंवा कारखान्यात लगेच उणे 18 अंशांखाली गोठवलेला मासा हा चार दिवस अर्धवट बर्फात फिरलेल्या 'ताज्या' माशापेक्षा चांगला, हे माझं स्पष्ट मत आहे. पण त्यावर पाण्याचा पातळ थर चढवलेला असतो. थर माशाच्या रक्षणासाठीच असतो, फक्त तो जाडजूड करून पाणी विकणारेही आहेत. पहिल्या पाकिटातला माल फ्रीजमध्ये रात्रभर सुटू द्या, निथळून तोला. पाकिटावरच्या निव्वळ वजनाशी जुळलं नाही तर पुरवठादार बदला. पिशवीच्या कोपऱ्यात बर्फाचे मोठे खडे दिसले तर माल मध्ये एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे.

नावांबाबत थोडक्यात. हलवा म्हणजे काळा पापलेट म्हणतात खरं, पण तो वेगळ्याच कुळातला मासा आहे. चव झकास, मात्र भाव पापलेटचा देऊ नये. रावसाला कागदावर 'इंडियन सॅल्मन' लिहितात, त्याचा थंड देशांतल्या सॅल्मनशी काही संबंध नाही. पांढरे, बिनकाट्याचे, बिनवासाचे 'फिश फिले' बहुधा बासाचे असतात. बासा खायला हरकत नाही, पण तो रावस म्हणून विकला जातोय का ते बघा. फिले हवेच असतील तर एका कडेची कातडी ठेवून मागा, कातडीवरून मासा ओळखता येतो.

फॉर्मेलिनची भीती 2018 साली केरळ आणि गोव्यात गाजली, तेव्हा गोव्याने बाहेरची मासळी काही दिवस थांबवलीही होती. माशावर माशी बसत नाही म्हणजे फॉर्मेलिन आहे, असं सरसकट धरू नका; भरपूर बर्फावरही माशा बसत नाहीत. मांस रबरासारखं कडक, कल्ले मात्र फिकट आणि वास अजिबातच नाही, असं तिन्ही एकत्र दिसलं तर शंका घ्यावी. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने यासाठी कागदी पट्ट्यांची चाचणी काढली आहे. मोठी खरेदी करणाऱ्यांनी ती जवळ ठेवावी. आणि बिल मागावं, त्यावर 14 अंकी अन्न परवाना क्रमांक असतो. बिल देत नाही त्याचा माल परत करताना तुमच्या हातात काही नसतं.

राहिली एक गोष्ट, ती मात्र प्रत्येकाने पाळावी. पुण्याच्या गणेश पेठेतल्या बाजाराचे भाव वर्तमानपत्रांत येतात, त्यात पापलेटपुढे कापरी, मोठे, मध्यम, लहान आणि शेवटी भिला अशी प्रतवारी असते. भिला म्हणजे तळहातापेक्षा लहान पापलेट. स्वस्त पडतो, थाळीत अख्खा ठेवता येतो, म्हणून खानावळी तो आवडीने घेतात. चंदेरी पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याच वर्षी राज्य सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. त्याखालचा मासा एकदाही अंडी न घालता ताटात येतो, आणि सातपाटीच्या धक्क्यावर पापलेट वर्षागणिक का घटतंय याचं एक कारण तेच आहे. बंदी आणि नियम जाळ्यापर्यंत पोचतील तेव्हा पोचतील. तुमच्या मागणीत मात्र आजच लिहिता येईल : भिला पाठवू नये, पाठवल्यास परत केला जाईल. एका पुरवठादाराकडे अशी दहा गिऱ्हाइकं झाली, की तोही तो घेणं थांबवेल.